जातगणनेत आकडे मिळतील, पण त्या आकड्यांमागची गोष्ट कोण सांगणार? उत्तर एलिनॉर झेलियट आणि वसंत मून यांनी आधीच देऊन ठेवलंय

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की भंडारा शहर यायच्या आधी महामार्गावर शहापूर लागतं. शेजारी जवाहरनगर आणि तिथली आयुध निर्माणी, म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी. २४ जानेवारी २०२५ ला याच कारखान्यात स्फोट झाला, आठ कामगारांचा जीव गेला आणि दोन दिवस राज्यभरातले कॅमेरे या भागात येऊन थांबले. नंतर ते निघून गेले. एरवी धानाचा भाव, पूर किंवा निवडणूक असली तरच भंडारा जिल्ह्याची बातमी होते.

आता याच गावांमध्ये प्रगणक येणार आहेत. ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारने जाहीर केलं की येत्या जनगणनेत प्रत्येकाच्या जातीची नोंद होईल. या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. सगळ्या जातींची देशभर मोजणी होऊन ती छापली गेली त्याला आता नव्वदहून जास्त वर्षं झाली, कारण ती शेवटची मोजणी १९३१ ची. त्यामुळे कोण किती, कोणाला किती वाटा, यावर सोशल मीडियावर रोज हमरीतुमरी चालू आहे.

पण या भांडणात एक साधा प्रश्न बाजूला पडतो. जनगणना माणसं मोजते. ती माणसं कुठून कुठे आली, काय काम करत होती, कशासाठी भांडली, काय सोडलं आणि काय धरलं, हे कोण लिहून ठेवतं?

महाराष्ट्रात हे काम ज्यांनी पायापासून उभं केलं त्यात दोन नावं फार मोठी आहेत. एक अमेरिकेतल्या प्राध्यापक एलिनॉर झेलियट आणि दुसरे नागपूरच्या वस्तीत वाढलेले वसंत मून.

आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही?

एक उदाहरण घ्या. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या होती सुमारे अडीच हजार. १९६१ मध्ये ती झाली सुमारे २७ लाख ९० हजार. दहा वर्षांत अडीच हजारांचे अठ्ठावीस लाख.

नुसता तक्ता बघितला तर वाटेल की छपाईत काहीतरी चूक झाली. आपल्याला कारण माहीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर गावोगावी दीक्षेचे सोहळे होत राहिले.

पण हेही उत्तर अर्धंच आहे. इतके लोक एका हाकेला कसे आले? एखाद्या नेत्याने सांगितलं म्हणून शेकडो वर्षांच्या चालीरीती, देव, सण लाखो लोक सोडून देतात का? की त्या आधी पन्नास-साठ वर्षं काहीतरी शिजत होतं, ज्याची नोंद कुठल्या तक्त्यात झाली नाही?

झेलियट यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांचं काम नेमकं कशामुळे वेगळं ठरलं हे समजून घ्यायला थोडं अमेरिकेत जावं लागेल, कारण तिथेही त्याच काळात असाच एक प्रश्न विचारला जात होता.

शिकागोतले इटालियन आणि एक हट्टी इतिहासकार

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून दक्षिण इटलीतले लाखो गरीब शेतकरी, शेतमजूर अमेरिकेत गेले. रेल्वेमार्ग टाकणं, खाणी खोदणं, इमारती बांधणं ही कामं त्यांनी केली. अमेरिकेच्या इतिहासात त्यांची जागा काय? विद्यापीठांत बराच काळ याचं उत्तर वरवरचं होतं.

१९५१ मध्ये हार्वर्डचे इतिहासकार ऑस्कर हँडलिन यांचं स्थलांतरितांवरचं गाजलेलं पुस्तक आलं, त्याला पुलित्झर पारितोषिकही मिळालं. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं, की हे लोक मुळापासून उपटले गेले, जुनं जग तुटलं आणि नव्या देशात ते एकटे पडले.

रुडॉल्फ व्हेकोली या तरुण अभ्यासकाला हे पटलं नाही. तो स्वतः इटालियन स्थलांतरित आई-वडिलांचा मुलगा, जन्म १९२७ चा. शिकागोतल्या इटालियनांवर त्याने १९६३ मध्ये पीएचडी पूर्ण केली आणि १९६४ मध्ये एक लेख लिहून हँडलिन यांच्या मांडणीलाच आव्हान दिलं. त्याने दाखवलं की हे शेतकरी आपलं गाव सोबत घेऊन आले होते. एका गावचे लोक शिकागोत एकाच गल्लीत राहत, आपल्या गावच्या संताची मिरवणूक काढत, अडीअडचणीला मदत करणारी मंडळं चालवत. जुनं जग मोडलं नव्हतं, ते नव्या शहरात नव्या पद्धतीने उभं राहिलं होतं.

हे त्याला कशामुळे दिसलं? त्याने सरकारी अहवालांइतकंच महत्त्व त्या लोकांच्या स्वतःच्या कागदांना दिलं म्हणून. १९६६ मध्ये इटालियन-अमेरिकन इतिहासाच्या अभ्यासकांची संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष व्हेकोलीच. १९६७ पासून मिनेसोटा विद्यापीठातल्या स्थलांतर इतिहासाच्या संशोधन केंद्राचे ते प्रमुख झाले आणि पुढे जवळपास चार दशकं एकच काम करत राहिले: मंडळांच्या वह्या, चर्चचे कागद, स्थलांतरितांनी त्यांच्या भाषेत काढलेली वर्तमानपत्रं आणि घरगुती पत्रं गोळा करणं. इतरांना जी रद्दी वाटत होती, तिचं त्यांनी संग्रहालय केलं.

आता योगायोग बघा. त्याच मिनेसोटा राज्यात, नॉर्थफिल्ड नावाच्या छोट्या गावातल्या कार्लटन कॉलेजमध्ये १९६९ पासून एक बाई भारताचा इतिहास शिकवू लागल्या. त्या एलिनॉर झेलियट.

अमेरिकन बाई महाराष्ट्रात कशा आल्या?

झेलियट यांचा जन्म १९२६ चा, आयोवा राज्यातला. घर क्वेकर पंथाचं. हा पंथ शांतता आणि माणसामाणसांतली समानता मानणारा. १९५२ मध्ये त्या पहिल्यांदा भारतात आल्या. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएचडीसाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी निवडलं ‘डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ’.

आज हा विषय कुणालाही स्वाभाविक वाटेल. साठच्या दशकात तो तसा नव्हता. बाबासाहेबांचं निधन होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास म्हणजे काँग्रेस, गांधी, नेहरू असंच समीकरण होतं. आंबेडकर म्हणजे फार तर ‘घटनेचे शिल्पकार’ आणि पुणे करारातले गांधींचे विरोधक, एवढीच नोंद विद्यापीठीय पुस्तकांत सापडायची. एका अस्पृश्य समाजाने स्वतःच्या बळावर चळवळ उभी केली आणि तिला स्वतःचा इतिहास आहे, हे म्हणायलाच कुणी तयार नव्हतं.

झेलियट महाराष्ट्रात राहिल्या, मराठी शिकल्या, बाबासाहेबांबरोबर काम केलेल्या कार्यकर्त्यांना भेटल्या, जुनी नियतकालिकं आणि अर्ज-निवेदनं वाचली. १९६९ मध्ये त्यांचा प्रबंध पूर्ण झाला.

गंमत म्हणजे हा प्रबंध पुस्तक म्हणून भारतात यायला २००४ साल उजाडलं. तोवर पस्तीस वर्षं अभ्यासक त्याच्या झेरॉक्स प्रती आणि त्यावर आधारित लेख वाचत होते. त्यांच्या निबंधांचं ‘फ्रॉम अनटचेबल टू दलित’ हे पुस्तक मात्र १९९२ मध्ये आलं आणि या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते वाचावंच लागलं.

त्यांनी नेमकं काय शोधून काढलं?

त्यांची मांडणी तीन मुद्द्यांत सांगता येते.

पहिला मुद्दा, चळवळ बाबासाहेबांपासून सुरू झाली नाही. ब्रिटिशांनी १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. त्याविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळेंनी १९१० मध्ये पुन्हा निवेदन दिलं. विदर्भात किसन फागूजी बनसोडे, कालीचरण नंदागवळी, गणेश अक्काजी गवई ही माणसं शाळा, वर्तमानपत्रं आणि परिषदांच्या मार्गाने काम करत होती. यातले नंदागवळी गोंदियाचे, आणि १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. मे १९२० च्या अखेरीस नागपुरात बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली, शाहू महाराज अध्यक्ष होते आणि तरुण आंबेडकर तिथे आले, तेव्हा जमीन आधीच नांगरलेली होती.

दुसरा मुद्दा, बदलाची सुरुवात पोटापाण्याच्या बदलातून झाली. गावगाड्यात महारांकडे ठरावीक धंदा नव्हता, वेसकरी आणि सांगकामी सेवा होती. त्यामुळे गावाबाहेर नवं काम निघालं की ते आधी बाहेर पडले: सैन्य, रेल्वे, गोदी, कापड गिरण्या आणि दारूगोळ्याचे कारखाने. विदर्भात तर परिस्थिती आणखी वेगळी होती. इथे अनेक महार कुटुंबं जाडंभरडं कापड विणायची, विकायची. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीचं कापड आलं, तसे हातमागावरचे हात गिरणीत आणि बिडीच्या सुपाकडे वळले. रोख पगार, कामगारांच्या वस्त्या, रात्रशाळा, संघटना या सगळ्यांतून चळवळीला माणसं मिळाली.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. त्या काळात भारतातल्या जातींबद्दल समाजशास्त्रात एक सिद्धांत चालत होता. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ च्या पुस्तकात मांडलेला ‘संस्कृतीकरण’ हा तो सिद्धांत. खालची जात वर जायचं ठरवते तेव्हा ती वरच्या जातीसारखं वागायला लागते, खाणंपिणं बदलते, विधी उचलते, असं तो सांगतो. झेलियट यांनी दाखवलं की महारांनी सुरुवातीला हाही मार्ग चाचपून पाहिला, पण लवकरच सोडून दिला. वरच्यांसारखं होणं नको, नागरिक म्हणून हक्क हवेत, असं म्हणत त्यांनी शिक्षण, कायदा, निवडणूक आणि शेवटी धर्मांतर हे मार्ग निवडले.

इथे व्हेकोली आणि झेलियट यांच्यातलं साम्य लक्षात येतं. दोघांच्याही समोर एक मोठा, सगळ्यांना मान्य सिद्धांत होता. दोघांनीही त्या लोकांचे स्वतःचे कागद उघडून बघितले आणि सिद्धांत अपुरा पडतो हे सांगितलं. फरक एवढाच, की व्हेकोली त्या समाजातलाच होता आणि झेलियट बाहेरच्या.

मग घरातली बाजू कुणी सांभाळली?

इथे वसंत मून येतात. जन्म १९३२ चा, नागपूरच्या महारपुरा वस्तीतला. शिकून महसूल खात्यात अधिकारी झाले. मनात मात्र एकच वेड होतं: बाबासाहेबांचा आणि चळवळीचा कागद न् कागद जपायचा.

बाबासाहेबांच्या निधनानंतर त्यांची हस्तलिखितं बरीच वर्षं कायदेशीर गुंत्यात आणि पेट्यांमध्ये अडकून पडली होती. १९७६ मध्ये महाराष्ट्र सरकारने या साहित्याच्या प्रकाशनासाठी समिती नेमली. पुढे मून यांच्याकडे संपादनाची जबाबदारी आली. १४ एप्रिल १९७९ ला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’ मालिकेचा पहिला खंड निघाला.

आज यूट्यूबवर भाषण करणारा, स्पर्धा परीक्षेची नोट्स काढणारा, न्यायालयात युक्तिवाद करणारा प्रत्येक जण बाबासाहेबांचं जे वाक्य सांगतो, त्यातलं बहुतेक याच मालिकेतून आलेलं असतं.

हे काम शांतपणे झालं असंही नाही. १९८७ मध्ये चौथ्या खंडात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापलं गेलं आणि त्यातल्या राम-कृष्णावरच्या भागावरून शिवसेनेने आंदोलन केलं. उत्तरादाखल १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत दलित संघटनांचे प्रचंड मोर्चे निघाले. शेवटी, या मतांशी सरकार सहमत असेलच असं नाही, अशी टीप टाकून तो मजकूर कायम राहिला. तीस वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितावरून राजधानी ढवळून निघते, यावरून जुन्या कागदात किती ताकद असते ते कळतं.

मून यांनी आणखी एक गोष्ट केली. १९९५ मध्ये त्यांनी ‘वस्ती’ हे आत्मकथन लिहिलं. त्यात मोठ्या सभा आहेत, पण त्यापेक्षा जास्त महारपुऱ्यातले आखाडे, समता सैनिक दलाची पोरं, सण, भांडणं आणि उपासमार आहे. आंबेडकरी चळवळ एका मोहल्ल्यात रोज कशी जगली जात होती ते या पुस्तकात सापडतं. २००१ मध्ये गेल ऑम्वेट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती एलिनॉर झेलियट यांनी. बाहेरची अभ्यासक आणि आतला माणूस एकाच पुस्तकात भेटले. २००२ मध्ये मून गेले, २०१६ मध्ये झेलियट.

या सगळ्यात भंडारा कुठे आहे?

भंडाऱ्याचं नाव आंबेडकरी इतिहासात एका पराभवासाठी येतं. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत नारायण काजरोळकरांकडून हरले. १९५४ मध्ये भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि ते इथून उभे राहिले.

तेव्हा भंडारा हा दुहेरी मतदारसंघ होता. म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार, एक सर्वसाधारण जागेवर, एक राखीव जागेवर, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता होते. कार्यकर्त्यांचा हिशेब असा होता, की आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावं आणि दुसरं कुणालाच देऊ नये, म्हणजे फायदा होईल. बाबासाहेबांनी याला नकार दिला, मत वाया घालवायला सांगणं घटना लिहिणाऱ्याला शोभत नाही अशी त्यांची भूमिका होती, असं सांगितलं जातं. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून हरले. त्यानंतर त्यांनी लोकसभेची निवडणूक लढवली नाही.

ही गोष्ट भंडारा जिल्ह्यात आजही सांगितली जाते. पण नीट बघा, आपल्याला त्यातलं काय माहीत आहे? उमेदवारांची नावं आणि निकाल. त्या प्रचारात गावोगाव सायकलवर फिरलेले कार्यकर्ते कोण होते? सभेसाठी वर्गणी कुणी दिली? बिडी वळणाऱ्या बायकांनी मजुरी बुडवून सभेला जायचं कसं ठरवलं असेल? पराभवानंतर दोनच वर्षांनी हेच लोक नागपूरला दीक्षेला गेले, ते कसे?

या भागातल्या बिडी कामगारांची संघटना बांधायचं काम तीसच्या दशकात कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी केलं. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. १९३७ मध्ये ते निवडून आले आणि १९३९ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, गेले. आज ‘जय भीम’ नावाचा सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण ते शब्द रुजवणाऱ्या माणसाबद्दल दहा ओळी सांगणारा क्वचित भेटतो.

म्हणजेच मोठ्या नेत्यांच्या कागदांचं काम बऱ्यापैकी झालं. गावागावातल्या माणसांचं राहिलं.

काम राहिलं याला जबाबदार कोण?

मोठ्या नेत्यांच्या बाबतीतही ‘झालं’ म्हणताना जपून म्हणावं लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका मराठी वृत्तपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. बातमी अशी होती, की आंबेडकरांच्या खंडांच्या नऊ लाख प्रती छापायचं ठरलं, साडेपाच कोटींच्या आसपास किमतीचा कागदही घेतला गेला, पण चार वर्षांत छापून झाल्या फक्त ३३ हजार प्रती. कागद गोदामात, आणि वाचक दुकानात जुन्या खंडांची विचारपूस करतोय.

एकीकडे १४ एप्रिलला प्रत्येक पक्षाचे बॅनर लागतात. दुसरीकडे त्याच माणसाची पुस्तकं छापून घ्यायला न्यायालयाला लक्ष घालावं लागतं. सरकार कुणाचंही असो, पुतळ्याला जितक्या तातडीने निधी मिळतो तितक्या तातडीने दस्तऐवजांना मिळत नाही, हे वास्तव आहे.

पण सगळा दोष सरकारवर टाकूनही चालणार नाही. विद्यापीठांमध्ये आंबेडकर अध्यासनं आहेत, दरवर्षी प्रबंध होतात. त्यातल्या बऱ्याच प्रबंधांमध्ये आधीच्या पुस्तकातले संदर्भ फिरून येतात. गावात जाऊन म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून, त्याच्या पेटीतलं पत्रक बघून लिहिलेलं काम कमी दिसतं, कारण त्यात वेळ जातो आणि गुण मिळत नाहीत.

झेलियट यांच्या कामालाही मर्यादा होत्या. त्यांचा भर महार समाजावर आणि प्रामुख्याने पुरुष नेतृत्वावर राहिला. मग चळवळीतल्या बायकांचं काय? ती उणीव भरून काढली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी. त्या दोघी चळवळीत काम केलेल्या बायकांच्या घरी गेल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढलं. तोपर्यंत या बायकांचा इतिहास होता, पण तो फक्त त्यांच्या आठवणीत होता. आणखी दहा वर्षं उशीर झाला असता तर त्यातल्या कितीतरी आठवणी माणसांबरोबरच गेल्या असत्या.

मातंग, चर्मकार, ढिवर, गोवारी, हलबा अशा कितीतरी समाजांच्या बाबतीत असं सविस्तर काम अजून हवंच आहे.

जातगणनेचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. जातगणनेचा आकडा आला की प्रत्येक समाज त्याचा अर्थ लावणार. आरक्षण, निधी, मतदारसंघ यांची गणितं मांडली जाणार. ज्या समाजाकडे आपल्या कष्टांची, स्थलांतराची, शिक्षणाची, अन्यायाची नोंद असेल, तो म्हणू शकेल की हा आकडा असा का आहे ते आम्ही दाखवतो. ज्याच्याकडे नसेल त्याच्याबद्दल दुसरे बोलतील.

शिवाय आयोगासमोर किंवा न्यायालयात मागासलेपण सिद्ध करायची वेळ येते तेव्हा जुन्या नोंदींना किती किंमत येते हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिलंय. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी दप्तरं उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. मराठा आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, एक धडा सगळ्यांसाठी सारखा आहे: ज्या कागदाला काल कुणी विचारत नव्हतं, त्यावर उद्या लाखोंचं भवितव्य ठरू शकतं.

मग सामान्य माणसाने काय करायचं?

व्हेकोलींचं संग्रहालय विद्यापीठाच्या पैशावर उभं राहिलं हे खरं. पण त्यात आलेले कागद आधी साध्या घरांनीच जपले होते. शहापूर असो की साकोली, पवनी असो की मोहाडी, घरातल्या पेटीत सापडणाऱ्या गोष्टी साधारण सारख्याच असतात: दीक्षेच्या वेळचा फोटो, गिरणीचा किंवा कारखान्याचा हजेरीपास, बिडी कामगाराचं कार्ड, युनियनच्या वर्गणीची पावती, भीमजयंतीचं जुनं पत्रक, जलशाच्या गाण्यांची वही, लग्नपत्रिका.

त्यासाठी फार काही लागत नाही.

फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नावं, गाव आणि अंदाजे साल लिहा. बॉलपेनची शाई फोटोत उतरते. जुना कागद लॅमिनेट करू नका, त्याने तो टिकत नाही, उलट कायमचा खराब होतो. कागद ओलीपासून आणि वाळवीपासून दूर ठेवा आणि मोबाइलवर दिवसाच्या उजेडात त्याचा सपाट, पूर्ण फोटो घ्या.

घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर या सुट्टीत त्यांच्यासमोर फोन रेकॉर्डिंगला ठेवून गप्पा मारा. ‘चळवळीबद्दल सांगा’ असं विचारलं तर उत्तर भाषणासारखं येतं. ‘पहिली नोकरी कुठे लागली, पगार किती होता, दीक्षेला कशाने गेलात, सोबत कोण होतं’ असं विचारलं की खरा इतिहास बाहेर येतो. सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख रेकॉर्डमध्ये बोलून घ्या.

फेसबुकवर टाकलेला फोटो म्हणजे जपलेला फोटो असं समजू नका. अकाउंट बंद झालं की तोही जातो. एक प्रत गावातल्या वाचनालयात, महाविद्यालयाच्या इतिहास विभागात किंवा विश्वासाच्या अभ्यासकाकडे द्या, आणि मूळ कागद देताना लेखी पोच घ्या.

जवाहरनगरचा कारखाना साठच्या दशकापासून उभा आहे. तिथे काम केलेल्यांची पहिली पिढी आता फार थोडी उरली आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या नोकरीने महाराष्ट्रातल्या एका समाजाचं आयुष्य कसं बदललं हे झेलियट यांनी आधीच्या काळाबद्दल लिहून ठेवलं. पुढच्या काळाचं लिहायचं तर साहित्य शहापूरसारख्या गावांमधल्या घरांतूनच मिळेल.

प्रगणक दारात येईल, रकाने भरेल आणि पुढच्या घरी जाईल. त्याच्या फॉर्ममध्ये आजोबांच्या हजेरीपाससाठी रकाना नाही. तो कागद पेटीत राहणार की रद्दीत जाणार, हे घरातल्यांनीच ठरवायचं आहे.